दुमडलेलं पान चित्रात तुटकं का दिसतं? मध्यशीर, मोजमाप आणि दुरुस्ती

सपाट पसरलेलं पान बऱ्यापैकी जमतं. तेच पान वळलं, कडेने दुमडलं किंवा टोकाकडून आपल्या दिशेला झुकलं की चित्र बिघडतं. टोक दुसऱ्याच पानाचं चिकटवल्यासारखं वाटतं, दुमडलेला भाग कागदाच्या कपच्यासारखा दिसतो, नाहीतर पान कात्रीने कापल्यासारखं भासतं. वनस्पतिचित्रण शिकताना ही अडचण वारंवार येते, कारण दुरुस्ती चुकीच्या टप्प्यावर केली जाते. कड पुन्हा गिरवली जाते, सावली गडद केली जाते, हिरव्यात निळा वाढवला जातो. चूक मात्र पेन्सिलीत झालेली असते आणि बहुतेक वेळा ती मध्यशिरेत, म्हणजे पानाच्या मधोमध देठापासून टोकापर्यंत जाणाऱ्या मुख्य शिरेत, किंवा मापात असते. मध्यशीर चुकली की बाकी काहीही करा, पान सांधत नाही.

आधी चूक कुठे आहे ते शोधा

चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि देठापासून टोकापर्यंत फक्त मध्यशीर उतरवून घ्या. दुमडीमागे ती लपते तिथे तुटक रेषेने जोडा. मग ट्रेसिंग पेपर कोऱ्या कागदावर ठेवून ती एकटी रेषा बघा. पातळ तार वाकवून असा आकार करता येईल का, एवढंच स्वतःला विचारा.

रेषेत उडी असेल, म्हणजे दुमडीच्या एका बाजूला ती एका जागी संपते आणि दुसऱ्या बाजूला चार मिलिमीटर सरकून सुरू होते, तर तुकडे वेगवेगळे काढले गेले आहेत. रेषा जोडलेली आहे पण मध्येच विनाकारण कोपरा आहे, तर गोल वळणाला कडक घडी समजून काढलं गेलं आहे. रेषा ठीक वाटते आणि तरी पान विचित्र दिसतं, तर दोष लांबी-रुंदीच्या मापात आहे. ही तिसरी शक्यता सर्वांत जास्त आढळते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

डिव्हायडर पानाला टेकवून मोजताय का?

वनस्पतिचित्र शक्यतो मूळ आकारात काढतात, म्हणून डिव्हायडरने माप घेऊन थेट कागदावर ठेवायची सवय लागते. सपाट पानासाठी ती उत्तम आहे. पान आपल्याकडे झुकलेलं असेल तर मात्र डिव्हायडरची टोकं पानाच्या पृष्ठभागावर ठेवून खरी लांबी मिळते, आणि कागदावर हवी असते ती दिसणारी लांबी. फरक किती पडतो ते पाहा. पान ११० मिमी लांब आणि ६० मिमी रुंद आहे असं धरा. ते कागदाच्या पातळीपासून (म्हणजे डोळ्यांसमोर उभा धरलेल्या कागदाच्या पातळीपासून) ३० अंश झुकलं तर लांबी सुमारे ९५ मिमी दिसते, ४५ अंशांना सुमारे ७८ आणि ६० अंशांना फक्त ५५. रुंदी मात्र ६०च राहते. म्हणजे ६० अंश झुकलेलं हे पान लांबीपेक्षा रुंद दिसतं! डोळ्यांना ते दिसतं, पण मन मानत नाही, कारण पान लांबट आहे हे त्याला ठाऊक असतं. मग हात नकळत लांबी वाढवतो आणि झुकलेलं पान पुन्हा सपाट होऊन बसतं.

योग्य पद्धत अशी. पान डोळ्यांच्या उंचीवर, साधारण ४५ सेंमी अंतरावर पक्कं बसवा. एक डोळा मिटा. डिव्हायडर कागदाच्या पातळीला समांतर, उभा धरा आणि त्याची दोन टोकं पानाच्या दोन बिंदूंवर दिसतील असं जुळवा. डिव्हायडर पानाच्या शक्य तितका जवळ हवा. पानापासून ५ सेंमी अलीकडे धरलात तर वरच्या अंतरावर माप सुमारे ११ टक्के कमी येतं, म्हणजे १०० मिमीचे ८९ होतात. पान पुढे-मागे पसरलेलं असेल तर मध्यशिरेच्या मध्याशी डिव्हायडरची पातळी ठरवून घ्या आणि सगळी मापं त्याच पातळीवर घ्या. निम्मी मापं टेकवून आणि निम्मी हवेत घेतली की चित्र कधीच जुळत नाही.

डिव्हायडरवर विश्वास बसत नसेल तर पारदर्शक प्लास्टिकचा ताठ तुकडा पानासमोर उभा करा, एक डोळा मिटून त्यावर मार्करने पानाची कड आणि मध्यशीर गिरवा. हा तुकडा चित्राचा आधार म्हणून वापरू नका, प्लास्टिक पानापासून दूर असल्याने आकार लहान येतो. प्रमाण तपासायला मात्र तो फार उपयोगी आहे. लांबीला रुंदीने भागा. चित्रात आणि प्लास्टिकवर भागाकार सारखा आला पाहिजे.

डोकं हलणं हेही एक कारण आहे. पाच सेंटीमीटर बाजूला सरकलात तरी दुमडीमागचं टोक वेगळ्या जागी दिसतं. पानामागे कागद लावून त्यावर एक ठिपका काढा आणि तो पानाच्या ठरलेल्या बिंदूशी, समजा टोकाशी, जुळलेला दिसेल अशाच जागी प्रत्येक वेळी बसा.

दुमड कशी काढायची

पान आधी पारदर्शक आहे असं समजून काढा. लपलेला भागही काढायचा, अगदी हलक्या हाताने, २एच पेन्सिलीने. क्रम असा ठेवा:

१. मध्यशीर देठापासून टोकापर्यंत, लपलेल्या भागासह, एका रेषेत. ती जिथे वळणाला भेटते त्या बिंदूवर छोटी खूण.

२. दुमडीची कड. ही पानाची कड नव्हे. इथे पातं संपत नाही, फक्त नजरेआड होतं. दोन्ही रेषा सारख्याच समजल्या की पान कापल्यासारखं दिसतं.

३. मध्यशिरेवर दर १० मिमीला खूण करून प्रत्येक खुणेपाशी डावीकडची आणि उजवीकडची रुंदी वेगवेगळी मोजा. वळणाजवळ या खुणा चित्रात एकमेकींच्या जवळ येतात.

४. दोन्ही बाजूंच्या कडा. लपलेल्या भागातून जाऊन त्या पलीकडे कुठे बाहेर पडतात ते पाहा.

५. सगळं पटलं की लपलेल्या रेषा पुसा.

दोन्ही अर्धे सारखे काढायचा मोह तिसऱ्या पायरीवर होतो. मध्यशिरेवर व्ही आकारात मिटलेलं पान बाजूने पाहिलं तर जवळचा अर्धा रुंद आणि लांबचा अगदी अरुंद दिसतो, कधी तो पूर्ण झाकला जातो. काही पानं मुळातच विषम असतात. कडुनिंबाच्या पर्णिकेचा, म्हणजे त्याच्या संयुक्त पानातल्या एकेका छोट्या पानाचा, तळ मध्यशिरेच्या दोन बाजूंना सारखा नसतो. तो ‘सुधारून’ सारखा केला तर चित्र सुबक दिसेल, पण कडुनिंबाचं राहणार नाही.

दुमड दोन प्रकारची असते आणि हा फरक डोळ्यांसमोर ठेवणं आवश्यक आहे. पहिली कडक घडी. पान चपटं दुमडून स्वतःवरच टेकलेलं आहे आणि आपण ते समोरून बघतोय. अशा वेळी मध्यशीर घडीच्या रेषेशी जेवढा कोन करून येते तेवढाच कोन करून परत फिरते, आरशातल्या प्रतिमेसारखी. ७० अंशांनी आली तर ७० अंशांनीच परतेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्या रेषांमध्ये ४० अंशांचा कोन होईल. कोनमापक लावून बघा. इथे मध्यशिरेला कोपरा असणं बरोबरच आहे.

दुसरं गोल वळण, आणि जिवंत पानात बहुधा हेच असतं. इथे वळणाच्या कडेला तिरक्या जाणाऱ्या शिरा कडेजवळ पोचताना वाकतात, तिला जवळजवळ समांतर होतात आणि मग मागे नाहीशा होतात. नळकांड्यावर तिरका दोरा गुंडाळून बघितला तर हे लगेच कळतं. वळणाच्या कडेला काटकोनात जाणारी शीर मात्र सरळच जाऊन भिडते. उपशिरांमधली दिसणारी अंतरंही वळणाकडे कमी होत जातात. शिरा सरळ रेषेत कडेपर्यंत नेऊन थांबवल्या आणि अंतरं सगळीकडे सारखी ठेवली तर कितीही छटा द्या, वळण गोल वाटणार नाही.

आता सर्वांत भरवशाची तपासणी. पानाची कड लांबीच्या दिशेने आत वळून खालच्या बाजूची पट्टी दिसते आहे असं समजा. त्या जागी मध्यशिरेपासून कडेपर्यंत पानाची खरी रुंदी ३० मिमी आहे. चित्रात मध्यशिरेपासून दुमडीपर्यंत २० मिमी आलं असेल तर पट्टी १० मिमीपेक्षा रुंद असूच शकत नाही. तिरपेपणामुळे बेरीज ३०पेक्षा कमी येऊ शकते, जास्त कधीच नाही. चित्रात बेरीज ३६ आली तर तुम्ही ६ मिमी पान नव्याने उगवलंय. लांबीलाही हाच नियम: मध्यशिरेचे दिसणारे आणि तुटक रेषेचे सगळे तुकडे मिळून खऱ्या लांबीपेक्षा मोठे होता कामा नयेत. वळलेल्या पानाची खरी लांबी मोजायला मध्यशिरेवर दोरा ठेवा, मग दोरा सरळ करून मोजपट्टीवर मोजा.

कागदाचं पान

हे सगळं वाचून गोंधळ झाला तर एक पान कापून घ्या, कागदाचं. साध्या कागदावर १२० मिमी लांब, ६० मिमी रुंद पान काढा, मध्यशीर आणि दोन्हीकडे सहा-सहा उपशिरा काढा. कागद खिडकीच्या काचेवर ठेवून त्याच रेषा मागच्या बाजूने दुसऱ्या रंगात गिरवा. कापून घ्या. आता त्याचं टोक पुढे वळवा, कड दुमडा, मधोमध पीळ द्या, आणि प्रत्येक स्थितीचं दहा मिनिटांचं रेखाचित्र करा. मागची बाजू वेगळ्या रंगाची असल्याने कोणती शीर कुठून येते यात गफलत होत नाही. खरं पान दोन तासांत हलतं, हे हलत नाही. अशी वीस रेखाचित्रं रंगवलेल्या तीन पानांपेक्षा जास्त शिकवतात, असं आमचं ठाम मत आहे.

एक गोष्ट कागदाच्या पानावर मुद्दाम बघा. उपशिरा मध्यशिरेपासून निघून टोकाच्या दिशेला झुकतात. टोक पुढे वळून खाली आलं की त्या भागातल्या उपशिराही खाली, टोकाकडेच झुकलेल्या दिसतात. चित्रात त्या सवयीने उरलेल्या पानासारख्या वर झुकवल्या जातात आणि टोक उलटं लावल्यासारखं दिसतं. पानाच्या कडेवरच्या दातांचंही तेच. जास्वंदीच्या पानाचे दात टोकाकडे रोखलेले असतात, उलटलेल्या भागात ते चित्रात उलट्या दिशेला दिसले पाहिजेत.

कड, लाटा आणि दात

लाटदार कड दोन्ही बाजूंना सारखी वरखाली नागमोडी काढली की पान पापडासारखं दिसतं. लाट म्हणजे कड कधी आपल्याकडे येते आणि कधी मागे जाते. मागे जाणारी रेषा पुढच्या रेषेला भिडून थांबते, पुढची तशीच पुढे जाते, आणि तिथे इंग्रजी टी अक्षरासारखा सांधा होतो. चित्रातले सगळे असे सांधे तपासा. दोन्ही रेषा एकमेकींना टोकाला भेटून कोपरा करत असतील तर तिथे पान फाटलेलं वाटणार. शाईत काम करताना मागची रेषा पुढचीला टेकवू नका, साधारण अर्धा मिलिमीटर आधी सोडा. एवढ्या फटीने मागचा भाग मागे सरकतो.

दात शेवटी. आधी गुळगुळीत कड, मग दात मोजून त्यांच्या जागांवर खुणा, मग दात. सुरुवातीपासून दात काढत गेलात तर ते संख्येने वाढतात आणि आकार सरकतो.

शिरा फुगलेल्या दिसतात

दुमड जमली, तरी पान दोऱ्या शिवल्यासारखं दिसतं ही तक्रारही नेहमीची. कारण उजेडाची बाजू. पुष्कळ पानांच्या वरच्या बाजूला मध्यशीर खोलगट असते आणि खालच्या बाजूला उठलेली. वनस्पतिचित्रात उजेड प्रथेने डावीकडून वरून घेतात. खोलगट शिरेत डावी भिंत सावलीत जाते आणि उजव्या भिंतीवर उजेड पडतो. उठलेल्या शिरेत बरोबर उलट: डावी बाजू उजळ, उजवीकडे सावली. म्हणजे एकाच दुमडलेल्या पानात वरच्या बाजूची शीर आणि उलटलेल्या पट्टीवरची शीर यांची सावली विरुद्ध बाजूंना पडते. सगळीकडे उजवीकडेच सावली दिली की वरच्या शिरा फुगतात.

दुसरं कारण जाडी. मध्यम आकाराच्या पानात उपशीर बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असते, आणि रंगवताना तिच्यासाठी एक मिलिमीटरची पांढरी वाट सोडली जाते. शीर टोकाकडे निमुळती होत जाते, तीही तशी सोडा. पहिला हात दोन्ही बाजूंना सारखा पसरवून, नंतरच्या थरांत शिरांमधले भाग गडद करत जाणं जास्त सोपं पडतं, शीर आपोआप फिकी उरते.

उपशिरा कडेपर्यंत जातात का, हेही गृहीत धरू नका. जांभळाच्या पानात त्या कडेच्या थोड्या आत असलेल्या, कडेला समांतर धावणाऱ्या शिरेला मिळतात. कण्हेरीत त्या अगदी दाट आणि जवळजवळ समांतर असतात. डावी-उजवीकडच्या उपशिरा मध्यशिरेवर एकाच बिंदूतून निघतातच असंही नाही. भिंगातून पाहून दोन्ही बाजूंच्या वेगवेगळ्या मोजा.

रंगात वळण हरवतं

पेन्सिलीचं चित्र पटणारं होतं आणि रंगवल्यावर पान सपाट झालं, तर चित्राचा आणि पानाचा फोनवर कृष्णधवल फोटो घ्या. बहुतेक वेळा पानात चकाकी जवळजवळ पांढरी आणि दुमडीखालची सावली जवळजवळ काळी असते, चित्रात मात्र सगळं मधल्या करड्या पट्टीत अडकलेलं असतं. हिरवा बदलून उपयोग नाही, गडद-फिकं वाढवावं लागतं.

एकाच पानात तीन वेगळे हिरवे असतात. चकाकीत हिरवा जवळजवळ नसतो, तो पानावरच्या मेणचट थरावरून परतलेला उजेड असतो; खिडकीतून आकाशाचा उजेड येत असेल तर निळसर. मागून उजेड येऊन पानातून आरपार दिसतो तिथे पिवळट, उजळ हिरवा असतो. खालची बाजू फिकी आणि मंद असते, कारण हरितद्रव्याच्या पेशींची दाट रांग पानात वरच्या बाजूला असते आणि खालच्या ऊतीत हवेच्या पोकळ्या जास्त असतात. म्हणून उलटलेल्या पट्टीसाठी वरच्या हिरव्यात पाणी घालून भागत नाही, वेगळं मिश्रण करा. थॅलो ब्लू आणि लेमन यलो यांचा हिरवा फार भडक होतो, त्यात ब्रशच्या टोकाएवढा क्विनाक्रिडोन मॅजेंटा घातला की तो पानाचा होतो. काळा घालून गडद केलेला हिरवा निर्जीव दिसतो.

थर देताना आधी चकाकीच्या जागी कोबाल्ट ब्लूचा अगदी पातळ हात, तो पूर्ण वाळला की पाण्याने ओलसर केलेल्या पात्यावर हिरवा, चकाकीच्या कडेला विरळ करत. त्यानंतर जवळजवळ कोरड्या ब्रशने बारीक रेषांनी गडद भाग. ३०० जीएसएमचा गुळगुळीत, हॉट प्रेस कागद यासाठी चांगला. अर्धवट वाळलेल्या थरात पाणीदार ब्रश लावला तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उठतात. थांबा, पूर्ण वाळू द्या. दुमडीची पानावर पडणारी सावली पट्टी टेकते तिथे सर्वांत गडद आणि रेखीव असते, पट्टी उचललेली असेल तसतशी तिची कड विरत जाते.

पेन्सिलीच्या रेषा रंगाआधी मळता येणाऱ्या खोडरबराने टिपून फिक्या करायला विसरू नका. वाळलेल्या रंगाखालचा शिसा नीट निघत नाही.

पान हलतं, कोमेजतं

फांदीचं टोक तिरकं कापून लगेच पाण्यात ठेवा. दुमडलेल्या पानाची स्थिती सर्वांत आधी बदलते, म्हणून त्याची मध्यशीर, दुमडीची कड आणि टोकाची जागा पहिल्या अर्ध्या तासात पक्की करा. त्याच वेळी वरच्या आणि खालच्या बाजूचे रंग वेगळ्या कागदाच्या पट्टीवर जुळवून ठेवा आणि बसल्या जागेवरून एक फोटो घ्या. काम थांबवताना तोडलेलं पान ओलसर टिश्यूसह बंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवता येतं. दुसऱ्या दिवशी वळण बदललं असेल तर जुन्या मध्यशिरेवर नवं टोक जोडू नका, कागदाचं पान त्या आकारात वळवून त्यावरून पूर्ण करा.

रंगवल्यानंतर चूक लक्षात आली तर

पट्टी एक-दोन मिलिमीटर रुंद झाली असेल तर तिच्याखालची सावली बाहेर सरकवून ती अरुंद करता येते. शीर जाड सोडली असेल तर दोन्हीकडून कोरड्या ब्रशने झाका. चकाकी बुजली असेल तर ओलसर, ताठ केसांच्या ब्रशने हलकेच घासून टिश्यूने रंग उचला, पण थॅलो ब्लू कागदाला धरून बसतो, तो पूर्ण उचलला जाणार नाही. मध्यशीरच दुमडीपाशी सरकलेली असेल तर मात्र पहिल्या तपासणीचा ट्रेसिंग पेपर काढा, त्यावर तुटक रेषेसह नवी मध्यशीर आखा आणि नव्या कागदावर तिथूनच सुरू करा.